बँड जड झाला, बुडाला नाही

लग्नसराईत धुळ्या-जळगावात कुठल्याही मांडवाच्या दारात उभं राहिलं की एक वाक्य कानावर येतंच: आता बँड राहिला नाही, नुसता धडधडाट राहिला. निवृत्त शिक्षक हे म्हणतात, संगीत विशारद झालेले म्हणतात, दिवाळी अंकांत लिहिणारे म्हणतात. ज्यांची मुलं त्याच बँडच्या गाडीपुढे घाम गळेपर्यंत नाचत असतात, ते आईबापही म्हणतात. त्यामागची समजूत साधारण अशी: पूर्वी पितळी वाद्यांचा सुरेल बँड होता. मग डीजे आला. त्याच्या धास्तीने बँडवाल्यांनी क्लॅरनेट आणि ट्रंपेट खाली ठेवली, कॅसिओ आणि पॅड उचललं, गाडीवर बेसचे बॉक्स चढवले, आणि खान्देशातल्या लग्नाचं संगीत तिथेच संपलं.

ही समजूत मला मान्य नाही. तिला इतिहासाचा आधार नाही, आणि तिच्यात वाजवणाऱ्या माणसाचा विचार कुठेच नाही. पण खोडून काढण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी शेवटचा श्वास ज्या धुळ्यात घेतला, त्या गावात बसून लिहिणाऱ्याने तरी ती पाळलीच पाहिजे.

तर पूर्वपक्ष असा. क्लॅरनेटवाला बोटांनी छिद्रं अर्धवट झाकून जो सूर हलवत नेत असे, तो कॅसिओच्या पट्टीतून निघत नाही. वीस-बावीस जणांच्या ताफ्यात निरनिराळी वाद्यं आपापल्या जागी असत, ऐकणाऱ्याला त्यांतलं प्रत्येक वेगळं ओळखू येई. आता आठ-दहा जण असतात आणि सगळ्यांवर एक बेस बसलेला असतो. चाल कुठली, शब्द कुठले, काही कळत नाही, छातीत नुसते ठोके पडतात. बँडने डीजेशी बरोबरी करायला जाऊन स्वतःचं रूप गमावलं, आणि बरोबरी तरी कुठे जमली? हा आक्षेप उथळ नाही. सूर ऐकू येणाऱ्या माणसांचा तो आक्षेप आहे. म्हणूनच त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

पहिला प्रश्न 'पूर्वी' या शब्दाचा आहे. पूर्वी म्हणजे नेमकं कधी? पितळी बँड काही अहिर राजांच्या काळापासून इथे वाजत नव्हता. इंग्रजी पलटणींच्या मागे तो हिंदुस्थानात आला, संस्थानिकांच्या दरबारात शिरला आणि तिथून लग्नाच्या वरातीत उतरला. मेरठच्या नादिर अली कंपनीची स्थापना १८८५ सालची. तिथली पितळी शिंगं देशभरच्या बँडवाल्यांच्या खांद्यावर गेली. म्हणजे ज्याला आपण परंपरा म्हणतो, तिचं वय फार तर चार-पाच पिढ्यांचं.

त्याआधी परण्या निघायचा, म्हणजे नवरदेवाची वाजतगाजत मिरवणूक निघायची, तेव्हा पुढे असायचं संबळ, पिपाणी किंवा सनई, आणि डफ. संबळ जवळून पाहिलेल्याला मी काय म्हणतो ते लगेच कळेल. कमरेला बांधलेली दोन भांडी, एक लहान, एक मोठं. लहानाचा आवाज चढा आणि कोरडा, मोठ्याचा खालचा, पोटातून आल्यासारखा. दोन काठ्या, त्यांतली एक टोकाशी वळवलेली. लहान भांडं बोलत राहतं आणि मोठं त्याला मधूनमधून धरून ठेवतं. नाचणाऱ्याचा पाय त्या मोठ्या भांड्यावर पडतो, लहानावर नाही. हा खालचा ठोका नाचाचा मालक होता. सनई वर गात राही, पण पाय तिचं ऐकत नसत.

पितळी बँड आला आणि त्याने हा क्रम उलटा केला. चाल पुढे आली, ठोका मागे गेला. सिनेमातलं गाणं ओळखू यावं हीच बँडची प्रतिष्ठा झाली. त्यात वाईट काही नव्हतं. बँडमास्तरांनी खरोखर कमाल केली. ज्या वाद्याला आपल्या रागांची ओळख नव्हती त्याच्याकडून त्यांनी ते गाऊन घेतले. पण त्या बदलात संबळवाला घरी बसला, त्याचं कुणी सुतक पाळलं नाही. पिपाणीवाल्याच्या पोराने पुढे क्लॅरनेट धरलं असेल, संबळवाल्याच्या पोराने काय धरलं? आज जो बेसचा ठोका ऐकून आपण कानावर हात ठेवतो, तो माझ्या कानाला त्या मोठ्या भांड्याचाच वारस वाटतो. पितळी बँडची सत्तर-ऐंशी वर्षं मधे गेली आणि नाचाचा मालक पुन्हा पुढे आला.

यावर कुणी म्हणेल, वारसा सांगायला काय, काहीही सांगता येतं. म्हणून पॅडवाल्याच्या हाताकडे पाहा. ऑक्टोपॅड हे नाव रोलँड कंपनीच्या १९८५ सालच्या यंत्राचं, आता ते कुठल्याही पॅडला लागतं, जसं कुठल्याही कीबोर्डला आमच्याकडे कॅसिओ म्हणतात. आठ चौकोन असतात. कुठल्या चौकोनात कुठला आवाज भरायचा, हे वाजवणारा ठरवतो. चांगला खान्देशी पॅडवाला काय भरतो? संबळाचं मोठं भांडं, संबळाचं लहान भांडं, डफाची कड, ढोल, ताशा, आणि एक-दोन आवाज असे की ज्यांना नाव नाही, ते त्याने कुठल्या तरी दुसऱ्या बँडकडून उचललेले असतात. डावा हात खालचा ठोका सांभाळतो. उजवा हात त्यावर आडवा चालतो, सहाच्या चालीत तीन आणि दोन यांची गुंफण करत. हे कुठल्या संगीत विद्यालयात शिकवत नाहीत. हे काका-मामाच्या मागे गाडीवर बसून शिकलेलं असतं.

आणि कॅसिओवाला? त्याच्या डाव्या हाताखाली एक छोटं चाक असतं, सूर वाकवायचं. उजव्या हाताने पट्टी दाबायची आणि डाव्याने ते चाक किंचित ढकलत दोन पट्ट्यांमधली जागा भरायची. सनईचा आवाज लावून तो जेव्हा हळदीचं गाणं वाजवतो, तेव्हा क्लॅरनेटवाल्याच्या अर्धवट झाकलेल्या छिद्राचं काम हे चाक करत असतं. मी ओळखत असलेल्या दोन कॅसिओवाल्यांपैकी एक पूर्वी स्वतः क्लॅरनेट वाजवायचा. श्वास कमी पडू लागला तेव्हा त्याने वाद्य बदललं, गायकी बदलली नाही. पट्टीत मींड नाही हे खरं, पण ती चाकात आहे. ती त्या गर्दीत ऐकू येत नसेल तर तो मिसळणीचा दोष आहे आणि तो दुरुस्त होऊ शकतो.

गाडीचं म्हणाल, तर वाजवणाऱ्यांना गाडीवर चढवणं हेही खान्देशाला नवं नाही. आमच्या यात्रांमध्ये तगतराव निघतो. तमाशाच्या फडातले कलावंत सजवलेल्या गाडीवर बसतात आणि वाजतगाजत गावातून फिरतात. नावातच फारसी तख्त आहे, चालतं सिंहासन. तगतराव निघाला की तीच बुजुर्ग मंडळी कौतुकाने ओट्यावर येऊन उभी राहतात. बैलगाडीच्या जागी पिकअप आला आणि कौतुकाच्या जागी कपाळावर आठ्या आल्या.

जड आवाजाची गरज कुठून आली, याचं उत्तर 'डीजेची नक्कल' एवढ्यावर थांबत नाही. उघड्यावर आवाजाचा एक साधा नियम आहे: अंतर दुप्पट झालं की तो सहा डेसिबलने उतरतो. पन्नास माणसांची वरात होती तेव्हा ट्रंपेट शेवटच्या माणसापर्यंत पोचत होतं. आता परण्यात तीन-चारशे माणसं असतात आणि प्रत्येकाला नाचायचं असतं. हा बदल आपल्याला का दिसत नाही, कोण जाणे. पूर्वी परण्यात नाचणारे मोजके असत, बाकीचे चालत, आणि बाया तर मागेच असत. आज नवरदेवाच्या बहिणी, मावश्या, आत्या पुढे असतात. श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला जाऊन पाहा. डोक्यावर कानबाई घेतलेली बाई पुढे आणि तिच्यामागे अख्ख्या गल्लीतल्या बाया नाचताना दिसतील. त्यांच्या पायांना चाल नको असते, ठोका हवा असतो, आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत हवा असतो. खालचा सूर पोचवायला स्पीकरचा मोठा पडदा लागतो, कारण त्याची लाट लांब असते, पन्नास हर्ट्‌झची जवळजवळ सात मीटर. ट्रंपेटच्या तोंडातून ती निघत नाही. गर्दी वाढली, नाचणारे वाढले, म्हणून बेस वाढला. अहिराणी गाण्यांना तर हा बेस मानवलाच. 'हाई झुमका वाली पोर' गाजलं तेव्हा त्याच्या ठेक्यावर नाचलेल्या पोरांनी आपल्या आजीची भाषा पहिल्यांदाच अभिमानाने मोठ्याने म्हटली. पितळी बँडने सत्तर वर्षांत अहिराणीला हे दिलं नव्हतं. तो हिंदी सिनेमा वाजवत राहिला.

नवा आवाज आला की शहाणी माणसं त्याला हाकलतात, याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच घरचा आहे. हार्मोनियम. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, ती परकी आहे, म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षं. त्या तीस वर्षांत आणि त्याआधीही मराठी रंगभूमी याच पेटीवर आणि तिच्याहून जड आवाजाच्या ऑर्गनवर गात होती. गंधर्व नाटक मंडळीच्या ऑर्गनवर आज कुणी बोट ठेवत नाही, ते नाट्यसंगीताचं वैभव मानलं जातं. जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात बसून शास्त्रीय संगीत ऐकणारा आणि बाहेर येऊन कॅसिओला नावं ठेवणारा रसिक मला भेटतो. आकाशवाणीचा आक्षेप आणि त्याचा आक्षेप यांत शब्दाचाही फरक नसतो.

परदेशातलं एक उदाहरण इथे द्यावंसं वाटतं, कारण ते आपल्या वादाशी फार जुळतं. जमैकात १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'स्का' नावाचं नाचाचं संगीत उभं राहिलं. त्यात पितळी वाद्यं पुढे होती, आणि ती वाजवणारे बरेच जण किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूलमधून आले होते. गरीब, पोरक्या मुलांची ती शाळा होती आणि तिथल्या ख्रिस्ती जोगिणी मुलांना बँड शिकवीत. डॉन ड्रमंड हा ट्राँबोनवाला तिथलाच, आणि 'स्काटलाइट्स' या १९६४ च्या वाद्यवृंदातले इतर कित्येकही. पण त्या गाण्यांच्या तबकड्या काढणारे कोण होते? कॉक्सन डॉड आणि ड्यूक रीड, म्हणजे रस्त्यावर प्रचंड स्पीकर लावून नाच भरवणारे लोक. पितळ आणि स्पीकर तिथे पहिल्यापासून एकाच घरात वाढले. १९६६ च्या सुमारास चाल संथ झाली, पितळ मागे सरलं, बेस गिटार पुढे आली, त्याला रॉकस्टेडी म्हणाले. दोन वर्षांत त्यातून रेगे निघालं, आणखी जड. आज रेगेला कुणी जमैकन संगीताचं मरण म्हणत नाही. २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

तेच स्का पुढे इंग्लंडात गेलं, १९७९ मध्ये कॉव्हेंट्रीच्या 'स्पेशल्स'नी त्याला धार दिली, आणि अमेरिकेत पंक रॉकशी त्याचं लग्न लागलं. डेट्रॉइटच्या 'सुसाइड मशीन्स' या बँडचा १९९६ चा पहिला अल्बम या मिश्रणाचा होता. १९९८ चा 'बॅटल हिम्स' त्याहून कितीतरी टणक, वेगवान, जड. तिथेही प्रश्न तोच: नाचरी लय कमी करून गिटारी जड केल्या, हा विश्वासघात की वाढ? जो बँड दरवर्षी तोच आवाज काढतो त्याला श्रोते निष्ठावान म्हणतात आणि हळूहळू विसरतात, इतकंच मी पाहिलं आहे. खान्देशातलेही जे बँड जुन्याच ताफ्यावर अडून राहिले त्यांतले मला माहीत असलेले दोन बंद पडले. मला त्याचं वाईट वाटतं, पण त्यांचा दाखला देऊन बाकीच्यांना दोष देणं न्यायाचं नाही.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलायला हवी. नाशिक ढोल जड नाही का? शंभर-शंभर ढोलांचं पथक चौकात उभं राहतं, काचा थरथरतात, आणि आपण म्हणतो, काय संस्कृती! भगवे फेटे, नऊवारी, ढोलाच्या दोऱ्या ओढणारी शिकलेली मुलं. त्या पथकाबद्दल मला आदरच आहे. पण तोच खालचा ठोका परण्यापुढच्या पिकअपमधून आला की तो धडधडाट होतो. फरक आवाजात नाही, वाजवणाऱ्यात आहे. वाजंत्र्याचं काम ज्या समाजांच्या वाट्याला आलं, त्यांना मांडवात बसायला जागा नसे, त्यांची पंगत सर्वांत शेवटी, कधी कधी मांडवाबाहेर. परंपरेची आठवण काढणाऱ्यांनी ही पंगतही आठवावी. ती पितळी बँडच्या सुवर्णकाळातलीच आहे. तेव्हा तो सूर ज्यांना इतका मौल्यवान वाटत होता, त्यांनी वाजवणाऱ्याला पाण्याचा तांब्या कसा दिला हे मी लहानपणी पाहिलं आहे, वरून ओतून. आज त्या वाजवणाऱ्यांचीच मुलं स्वतःच्या नावाचा बँड काढतात, गाडीवर स्वतःचा मोबाइल नंबर रंगवतात, सुपारी घेताना इसार आधी मागतात आणि रात्री मांडवात खुर्चीवर बसून जेवतात. जड आवाजाने त्यांना भाव मिळवून दिला. त्यांच्या संगीताबद्दल बोलताना हा हिशेब सोडून बोलता येणार नाही.

मान्य करायच्या गोष्टीही आहेत. ताफा लहान झाला म्हणजे बारा माणसांचं काम गेलं, आणि ते बहुतेक शिंगवाले होते. युफोनियम तर आता दिसतच नाही. ज्यांनी वीस-वीस वर्षं ओठांना घट्टे पाडून घेतले, त्यांतले काही लग्नसराईत मंडप बांधतात. याचं उत्तर माझ्याजवळ नाही. काही बँड गाडीसमोर दोन ट्रंपेट चालवतात आणि त्यांना माइक देतात. बेसच्या वर पितळेचा तो चिरणारा सूर आला की अंगावर काटा येतो. हे जास्त बँडनी करावं असं मी ओळखीच्या मास्तरांना सांगत असतो. यजमानाने सुपारी देताना ट्रंपेट मागितलं तर ते परत येईल. नुसतं हळहळून येणार नाही.

दुसरी कबुली मोठ्या आवाजाची. जड आवाज आणि मोठा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपले बँडवाले त्यांची गल्लत करतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. नियमांच्या बाजूनेच मी बोलतो, आणि एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की मोजमाप अपुरं आहे. ते डेसिबल माणसाच्या कानाप्रमाणे तोलून मोजतात, त्यामुळे ६३ हर्ट्‌झच्या सुरातून २६ डेसिबल वजा होतात. खिडकीची तावदानं हलतात आणि यंत्रावर आकडा बेताचा दिसतो. आजारी माणसाची, तान्ह्या बाळाची, दवाखान्याची तक्रार म्हणूनच खरी असते. पण त्या तक्रारीचं उत्तर बेस कमी ठेवणं, वेळ पाळणं, बॉक्सची तोंडं घरांकडे न ठेवता रस्त्याच्या रेषेत ठेवणं, हे आहे. संगीताला मृत्यूचा दाखला देणं हे तिचं उत्तर नाही.

आणि इथेच बँड आणि डीजे यांतला तो फरक येतो जो या सगळ्या वादात बुडून गेला आहे. दोघांचे बॉक्स सारखे असतील, बेस सारखा असेल. डीजेकडचं गाणं आधीच संपूर्ण झालेलं असतं. बँडकडचं गाणं नाचणाऱ्यांकडे पाहून त्या क्षणी होत असतं. नवरदेवाचा मामा दमला की कडवं लांबतं, बायांची फुगडी रंगली की मुखडा चौथ्यांदा येतो, घोडा बुजला की ठोका बसतो. जड झालेल्या बँडने हे सोडलेलं नाही. ज्या दिवशी सोडेल त्या दिवशी मीच पूर्वपक्षाच्या बाजूला जाऊन उभा राहीन.

आमच्या गल्लीतली गोष्ट. वैशाखात शेजारच्या आळीतलं लग्न होतं, परण्या आमच्या दारावरून जाणार होता. समोरच्या घरात आजी अंथरुणाला खिळलेल्या, शेवटचेच दिवस होते. गाडी वळणावर आली आणि भिंतीवरची भांडी किणकिणू लागली. त्यांचा नातू धावत गेला आणि पॅडवाल्याच्या कानाशी ओरडला, "दादा, जरासं हळू वाजाडा, घरमा आजी बिमार शे." पॅडवाल्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी हात वर केला. खालचा ठोका थांबला, बॉक्स गप्प झाले, नाचणारी पोरं जागच्या जागी उभी राहिली. कॅसिओवाल्याने सनईचा आवाज लावला आणि एकट्याने, अगदी हळू, त्या चाकावर बोट ठेवून चाल पुढे नेली. ढोलवाला कातड्यावर नुसती बोटं ठेवून चालत होता. अख्खी वरात त्या दारासमोरून पायांचा आवाज न करता गेली. आजींच्या खोलीची खिडकी उघडी होती. वरात कोपऱ्यावर वळली, मास्तरांनी मागे पाहून अंतराचा अंदाज घेतला, आणि पॅडवाल्याने डावा हात पुन्हा खाली टाकला.